श्रीमंतांवरील कर आणि हुपरीची चांदी

हुपरीहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. ते धडी उत्पादक आहेत. कारखानदाराकडून चांदी वजनावर घ्यायची, घरच्या मंडळींना हाताशी धरून पैंजण तयार करायचे, वजनावर परत द्यायचे आणि किलोमागे मजुरी घ्यायची, असा त्यांचा व्यवसाय. त्यांचे थोरले भाई मात्र स्वतःची चांदी घालून माल बनवतात आणि परपेठेवर सराफांना विकतात. श्रीमंतांवरील प्राप्तिकर वाढवावा की नाही, यावरून दोघा भावांत जेवताना वाद झाला. धाकटे म्हणाले, "ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून सरकारने घेतलेच पाहिजे." थोरले म्हणाले, "घेतील रे, पण श्रीमंत म्हणून शेवटी मलाच धरतील." संपादकांनी निवाडा करावा, अशी पत्रलेखकाची विनंती आहे.

घरच्या भांडणात निवाडा करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण हिशेब मांडून दाखवणे हे या पानाचे काम आहे, आणि हिशेब मांडायला बसल्यावर आम्हाला असे दिसले की दोघेही भाऊ बरोबर आहेत. हे कसे, ते सविस्तर सांगावे लागेल.

प्रथम हा वाद आला कुठून ते पाहू. फ्रान्सचे अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये भारतातील विषमतेवर एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२२-२३ साली देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, असा त्यांचा अंदाज. त्यानंतर मे महिन्यात त्यांनी उपायही सुचवला : दहा कोटी रुपयांच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर दरवर्षी २ टक्के कर, आणि त्याच मर्यादेवरील वारशावर ३३ टक्के कर. लोकसभेच्या निवडणुकीचा तो काळ. वारसा कराचा विषय प्रचारात आला आणि मंगळसूत्रापर्यंत गेला. निवडणूक संपली, वाद मात्र राहिला. त्याच वर्षी ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० परिषदेत अब्जाधीशांवर किमान २ टक्के कर लावण्याची सूचना चर्चेला आली. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे विधेयक मंजूर केले, जूनमध्ये तेथील सिनेटने ते फेटाळले. म्हणजे हा विषय हुपरीत जेवणाच्या ताटापर्यंत आला यात नवल नाही. तो पॅरिसमध्येही तिथवर आलेला आहे.

आपल्या देशाला हा प्रयोग नवीन नाही, आणि ज्यांच्या हातून तो झाला व ज्यांनी तो आवरता घेतला ते आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण होते. जून १९७० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९७३-७४ साली प्राप्तिकराचे अकरा टप्पे होते. दोन लाख रुपयांवरील उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के. वरच्या शंभर रुपयांतून माणसाच्या हाती सव्वादोन रुपये राहत. असा कर कोण प्रामाणिकपणे भरणार? निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच सांगितले होते की अवाच्या सवा दर हे करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण आहे. चव्हाणसाहेबांनी १९७४-७५ च्या अंदाजपत्रकात हा दर एकदम ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९७६ साली सी. सुब्रमण्यम यांनी ६६ टक्के केला, १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ५० टक्के, आणि १९९७ साली चिदंबरम यांनी ३० टक्के. आजही मूळ दर तोच आहे.

मग श्रीमंतांवर जास्त कर नाही काय? आहे, पण तो अधिभाराच्या रूपाने. २०१३ साली चिदंबरम यांनी एक कोटीच्या वर उत्पन्न दाखवणाऱ्यांवर दहा टक्के अधिभार बसवला. त्या वेळी लोकसभेत त्यांनी सांगितले होते की सव्वाशे कोटींच्या या देशात असे उत्पन्न कबूल करणारे फक्त ४२,८०० लोक आहेत. (मुंबईतील एकेका उपनगरातील मोटारी पाहिल्या तरी या आकड्यावर विश्वास बसत नाही. असो.) पुढे अधिभार वाढत गेला. २०१७ साली पन्नास लाख ते एक कोटी उत्पन्नावरही १० टक्के अधिभार आला. २०१९ साली पाच कोटींच्या वर तो ३७ टक्के झाला आणि सर्वांत वरचा दर उपकरासह ४२.७४ टक्क्यांवर पोचला. २०२३ साली नव्या कररचनेत तो अधिभार २५ टक्क्यांवर थांबवण्यात आला, म्हणजे वरचा दर ३९ टक्के झाला. वरच्यांना ही सवलत मिळाली तशी खालच्यांनाही मिळाली : २०२५-२६ पासून नव्या रचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही.

आता हुपरीला येऊ.

धाकट्या भावाचा हिशेब

धाकट्या बंधूंचा हिशेब छोटा आहे. त्यांच्या हातून महिन्याला कितीही किलो चांदी जावो, ती त्यांची नव्हे. त्यांची आवक म्हणजे मजुरी. समजा वर्षाला सगळी मिळून पंधरा लाख मजुरी झाली आणि त्यातून मदतनिसांची मजुरी, गॅस, तेजाब, वीज, डाय, पॉलिश यांचा खर्च वजा जाता पाच लाख उरले. नव्या रचनेत त्यावर कर शून्य. छोट्या धंद्यासाठी अंदाजित उत्पन्नाची जी सवलत आहे (१९६१ च्या कायद्यात ती ४४ एडी या कलमात होती, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले), तिच्यात बसणाऱ्याला वह्यांचे ओझेही फारसे नाही. मात्र प्रत्यक्ष नफा ठरीव टक्केवारीपेक्षा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. कायद्याचीही अपेक्षा तीच, आणि उद्या बँकेत कर्जाला गेल्यावर उपयोगही त्याचाच होतो.

तेव्हा श्रीमंतांवरील दर ३९ चा ४५ झाला काय आणि ५० झाला काय, धाकट्या बंधूंच्या घरात त्याने एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही. त्यांच्या घरात कर येतो तो दुसऱ्या दाराने. साबण, चप्पल, मोबाईलचे रिचार्ज, पॉलिशच्या यंत्राची मोटर, या प्रत्येकावर वस्तू व सेवा कर आहे आणि तो कोट्यधीशाला जितक्या टक्क्यांनी लागतो तितक्याच टक्क्यांनी त्यांनाही लागतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात प्राप्तिकरातून १४.३८ लाख कोटी, कंपनी करातून १०.८२ लाख कोटी आणि वस्तू व सेवा करातून ११.७८ लाख कोटी रुपये अपेक्षित धरले होते. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा मूळ कर सवलती सोडणाऱ्यांसाठी २२ टक्क्यांवर उतरवला गेला. वरच्या दाराने कमी आले की खालच्या दाराकडे नजर जाते. धाकटे बंधू अर्थशास्त्र शिकलेले नाहीत, पण त्यांचा रोख चुकीचा नाही.

त्यांना खरा फटका बसला आहे तो चांदीच्या भावाने, आणि त्याची नोंद कोणत्याही करविषयक चर्चेत होत नाही. २०२५ च्या सुरुवातीस किलोला लाखाच्या आत असलेली चांदी त्याच वर्षी डिसेंबरात दोन लाखांच्या पुढे गेली. मजुरी किलोवर असते, भावावर नसते. भाव दुप्पट झाला म्हणून मजुरी दुप्पट झाली नाही. उलट गिऱ्हाईक हलके पैंजण मागू लागले किंवा मागेनासेच झाले, त्यामुळे किलो कमी झाले. आणि घटीचे काय? आटणीत, घासकामात, धुण्यात काही चांदी जाते. ठरलेल्या घटीपेक्षा दहा ग्रॅम जास्त गेली तर पन्नास हजारांच्या भावात पाचशे रुपयांचा भुर्दंड होता, दोन लाखांच्या भावात तो दोन हजारांचा झाला. हात तोच, भट्टी तीच, चूक तेवढीच, दंड मात्र चौपट. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या भागात चांदीच्या भावाने किती लोक श्रीमंत झाले याची चर्चा पुष्कळ ऐकू येते. मजुरीवर जगणाऱ्यांची चर्चा कमी ऐकू येते.

थोरल्या भावाचा हिशेब

थोरल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तीच आम्हाला जास्त वेळ घेऊन सांगायची आहे, कारण स्वतःचे भांडवल घालणारे आपले पुष्कळ बंधू या कात्रीत सापडले आहेत, मग ते चांदीचे असोत, तांब्या-पितळेचे असोत की भंगाराचे.

समजा थोरल्यांकडे वडिलांपासून साठवलेली साठ किलो चांदी आहे. ती लॉकरमध्ये पडलेली नाही. ती फिरते. पैंजण होऊन जाते, पैसे होऊन येते, पुन्हा लगड होऊन घरात येते. वर्षाच्या आरंभी भाव एक लाख होता, म्हणजे साठ लाखांचा माल. वर्षाअखेर भाव दोन लाख, माल तोच साठ किलो. पण वह्यांत तो आता एक कोटी वीस लाखांचा झाला, कारण जुनी चांदी स्वस्तात घेतलेली विकली गेली आणि तिच्या जागी नवी महाग चांदी आली. फरक साठ लाख. कायद्याच्या दृष्टीने हा नफा. थोरल्यांच्या दृष्टीने काय? चांदी साठ किलो होती, साठ किलो आहे. मुलीच्या लग्नाला एक किलोही बाजूला काढलेली नाही.

या साठ लाखांवर नव्या रचनेने कर किती होतो ते आम्ही मांडले. चोवीस लाखांपर्यंतचे टप्पे मिळून तीन लाख. पुढच्या छत्तीस लाखांवर तीस टक्क्यांनी दहा लाख ऐंशी हजार. एकूण तेरा लाख ऐंशी हजार. उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेले म्हणून 'श्रीमंतांचा' दहा टक्के अधिभार, एक लाख अडतीस हजार. त्यावर चार टक्के उपकर. बेरीज पंधरा लाख एकोणऐंशी हजारांच्या आसपास. हे पैसे आणायचे कुठून? चांदी विकून. दोन लाखांच्या भावाने जवळजवळ आठ किलो. म्हणजे साठ किलोचे बावन्न किलो झाले, आणि सरकारच्या कागदावर त्या वर्षी थोरले देशातील श्रीमंतांच्या यादीत जाऊन बसले.

बरे, पुढच्या वर्षी भाव पडला तर? चांदी ही कधी एकाच दिशेने जात नाही, हे हुपरीत कुणाला सांगायला नको. भाव पडला तर तोटा वहीत दिसेल आणि तो आठ वर्षे पुढे ओढता येईल. पण मागच्या वर्षी भरलेला कर परत मिळणार नाही. इंग्लंडमध्ये एकट्याने धंदा करणाऱ्याला चालू वर्षाचा तोटा मागच्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा आहे. अमेरिकेत शेवटी घेतलेला माल आधी विकला असे धरून हिशेब करण्याची पद्धत चालते, त्यामुळे नुसत्या भाववाढीचा नफा लांबणीवर पडतो. आपल्याकडे ती पद्धत चालत नाही. आपल्याकडे नोकरदाराला मात्र अनेक वर्षांचा थकीत पगार एकदम मिळाला तर तो मागील वर्षांत वाटून कर काढण्याची सवलत आहे. एका वर्षात आलेले उत्पन्न हे एका वर्षाचे नसते, हे तत्त्व म्हणजे कायद्याला माहीत आहे. ते पैंजणवाल्यापर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

उलाढालीचेही तसेच. लेखापरीक्षणाची मर्यादा एक कोटी (रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर दहा कोटी). किलोला पन्नास हजार भाव होता तेव्हा एक कोटीत दोनशे किलो माल बसे. दोन लाखांच्या भावात पन्नास किलो बसतो. अंदाजित उत्पन्नाची सवलत घ्यायची तर बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के नफा धरावा लागतो. दीडशे किलो मालाची विक्री दोन लाखांच्या भावाने तीन कोटी, त्याचे सहा टक्के अठरा लाख. प्रत्यक्षात किलोमागे दोन हजार सुटले असे धरले तर मिळकत तीन लाख. म्हणून स्वतःची धातू विकणाऱ्याने 'सोपी योजना' म्हणून तिच्यात उडी घेऊ नये. ती मजुरीवाल्याला फायद्याची, धातूवाल्याला नुकसानीची. आमच्या माहितीतील काही जण केवळ वह्या नकोत म्हणून तिच्यात गेले आणि नंतर पस्तावले.

तेव्हा 'श्रीमंत म्हणून मलाच धरतील' हे थोरल्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण त्यांना आमचे एक सांगणे आहे. साठ किलो चांदीचा धनी हुपरीच्या गल्लीत गरीब म्हणवून घेऊ शकत नाही. ज्याच्या हातात फक्त घासणी आणि चिमटा आहे त्याच्यापेक्षा तो निश्चित संपन्न आहे, आणि त्याने त्याच्या ऐपतीप्रमाणे कर भरावा यात अन्याय नाही. अन्याय आहे तो तुलनेत.

लॉकरमधली चांदी

ती तुलना अशी. मुंबईतील एखाद्या गृहस्थाने साठ किलो चांदीच्या विटा घेऊन लॉकरमध्ये ठेवल्या. दोन वर्षे त्याने काही केले नाही. भाव दुप्पट झाला. जोवर तो विकत नाही तोवर त्याला एक रुपया कर नाही. आणि त्याला वाटेल त्या वर्षी विकल्यावर तो दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ठरतो. त्याचा दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. साठ लाखांच्या नफ्यावर अधिभार-उपकरासह आठ-साडेआठ लाखांच्या आसपास त्याची सुटका होते. थोरल्यांना जवळजवळ सोळा लाख. एकाने त्या चांदीवर दहा घरांना काम दिले, दुसऱ्याने तिच्यावर कुलूप घातले. कुलूपवाल्याला निम्मा कर.

शेअर्सचेही असेच आहे. ज्यांची नावे अब्जाधीशांच्या यादीत येतात त्यांची संपत्ती पगारातून आलेली नसते. ती कंपन्यांच्या समभागांत असते, वर्षानुवर्षे वाढते आणि विकली जात नाही. न विकलेल्या वाढीवर कर नाही. त्यामुळे प्राप्तिकराचा वरचा दर ३९ चा ४९ केला तरी खऱ्या मोठ्या श्रीमंताला तो फारसा लागत नाही. तो लागतो मोठ्या पगाराच्या नोकरदाराला, डॉक्टरला, आणि चांदी तेजीत असलेल्या वर्षी हुपरीच्या कारखानदाराला. पिकेटी आणि त्यांचे सहकारी उत्पन्नाऐवजी संपत्तीवर कर सुचवतात, त्यामागचे एक कारण हेच आहे. त्यांची मर्यादा दहा कोटींची. दोन लाखांच्या भावाने ती पाचशे किलो चांदी होते, आणि तीही कर्ज वजा जाता. थोरले बंधू तिच्या जवळपासही नाहीत.

विरोधकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. संपत्ती कर आपल्याकडे होता. ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या शिफारशीवरून तो १९५७ साली आला आणि २०१५ च्या अंदाजपत्रकात अरुण जेटली यांनी तो रद्द केला. २०१३-१४ साली त्यातून साऱ्या देशात फक्त १,००८ कोटी रुपये जमले, वसुलीचा खटाटोप मात्र मोठा, असे कारण त्यांनी दिले. त्याच्या जागी एक कोटीवरील उत्पन्नावरचा अधिभार दोन टक्क्यांनी वाढवला. मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. त्याचीही तक्रार तीच : त्रास मोठा, उत्पन्न थोडे. श्रीमंत माणूस दुबईला निघून जाईल, भांडवल जाईल, ही भीतीही दाखवली जाते. तिच्यात काही तथ्य आहे. पण संपत्ती कराचे उत्पन्न इतके थोडे का होते हे कुणी सांगत नाही. १९९३ पासून कंपन्यांचे शेअर्स त्यातून वगळले होते. उरले होते काय? जादा घर, मोटार, दागिने, सोने-चांदी, शहरातील मोकळी जागा. (धंद्यातील माल त्यातून मुक्त होता.) ज्या कोठारात धान्य होते त्याला हात न लावता अंगणात सांडलेले दाणे वेचले आणि म्हणाले, पीकच आले नाही.

आपल्या वाचकांना संपत्तीवर वर्षातून एकदा देणे ही कल्पना परकी वाटू नये. साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब आणि अडीच टक्के जकात हा हिशेब हुपरीच्या कारागिराला पाठ आहे, आणि तो चांदीत आहे हे विशेष. दोन लाखांच्या भावाने हा निसाब सव्वा लाखाच्या आसपास जातो. जकात धंद्यातील मालावरही निघते, कर्ज वजा जाते आणि ती चालू भावाने काढली जाते. तेव्हा थोरल्यांची भाववाढ तिथेही मोजली जाते. फरक एवढाच की दर अडीच टक्के आहे, तीस नव्हे. जकात ही इबादत आहे आणि प्राप्तिकर हे सरकारचे देणे आहे, दोहोंची गल्लत करू नये. तरी व्यवहाराची बाब म्हणून सांगतो : जकात दिली म्हणून आपल्या देशात प्राप्तिकर कमी होत नाही. मलेशियात व्यक्तीने भरलेली जकात त्याच्या प्राप्तिकरातून थेट वजा होते. आपल्याकडे मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीचीच सवलत आहे, तीही जुन्या कररचनेत, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

थोरल्यांनी पत्राच्या शेवटी धाकट्याकडून एक ओळ लिहवून घेतली आहे : "आमच्याभोवती सगळा ऊस आहे, त्याला कर का नाही?" प्रश्न बोचरा आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राला प्राप्तिकर लावता येत नाही, तो अधिकार राज्यांचा. राज यांच्या समितीने १९७२ साली मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला होता. तो झाला नाही. १९७३ पासून एवढेच झाले की ज्याला शेतीखेरीज दुसरे करपात्र उत्पन्न आहे त्याच्या कराचा टप्पा ठरवताना शेतीचे उत्पन्न जमेस धरतात. दोन एकराच्या शेतकऱ्यावर कर मागणे हा वेडेपणा होईल. पण श्रीमंतांवरील कराची चर्चा करताना शंभर एकरवाल्याचे नाव कुणीही काढत नाही, कारण सर्व पक्षांना त्याची गरज असते. थोरल्यांच्या तक्रारीला आमच्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आणखी एक बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्राप्तिकराचा मूळ दर वाढवला तर त्यातील हिस्सा राज्यांना जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तो ४१ टक्के ठरवला होता. अधिभार आणि उपकर मात्र सगळा केंद्राकडे राहतो, त्यातून राज्याला वाटा नाही. गेल्या काही वर्षांत श्रीमंतांवर जे काही वाढले ते अधिभारातून वाढले. म्हणजे हुपरीच्या कारखानदाराने दिलेल्या त्या एक लाख अडतीस हजारांतून कोल्हापूरच्या रस्त्याला किंवा सरकारी दवाखान्याला राज्याच्या वाट्याने काहीही येत नाही. श्रीमंतांवर कर वाढवा म्हणणाऱ्यांनी तो कुठल्या खात्यात वाढवा हेही म्हटले पाहिजे.

आमचे मत विचाराल तर असे. धाकट्या बंधूंची मागणी रास्त आहे, पण ती प्राप्तिकराचा वरचा दर वाढवण्याच्या रूपाने पुरी झाली तर बाण चुकीच्या माणसाला लागेल. भांडवली नफ्यावरचा साडेबारा टक्के आणि धंद्यातील नफ्यावरचा तीस टक्के यांतील दरी आधी कमी करावी. दहा कोटींच्या वरच्या संपत्तीवर कर आणायचा तर शेअर्ससकट आणावा, नाहीतर आणू नये. आणि धातूच्या धंद्यात केवळ भाववाढीने फुगलेला नफा तीन वर्षांत वाटून दाखवण्याची मुभा असावी. ही शेवटची मागणी आपल्या कारागीर-व्यापारी संघटनांनी करायला हरकत नाही. ती एका समाजाची नाही, हुपरीपासून सेलम-आग्र्यापर्यंत चांदीत हात घालणाऱ्या सर्वांची आहे. तिच्यासाठी आजवर कुणी दिल्लीला निवेदन नेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अधिभार वाढला की बंद पाळायचा आणि दर उतरला की गप्प बसायचे, यापलीकडे आपण जात नाही.

कायदा बदलेपर्यंत दोघा भावांनी काय करावे? धाकट्यांनी प्रथम एक चोपडी घालावी : कोणत्या तारखेला, कुणाकडून, किती वजनाची, किती टंचाची चांदी आली, आणि कधी, किती परत गेली. कारखानदाराकडून डिलिव्हरी चलन मागून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा शब्दावर चालला आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तपासणीच्या वेळी घरात दहा किलो चांदी सापडली आणि ती दुसऱ्याची आहे हे कागदावर दिसले नाही, तर ती तुमचीच धरली जाते. खुलासा नसलेल्या मालमत्तेवरचा कर डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने अधिभारासह पाऊणशे टक्क्यांच्या पुढे नेण्यात आला होता. बारा लाखांच्या सवलतीचा तिथे उपयोग नाही. अब्जाधीशावर सुचवलेला कर दोन टक्के. बिनकागदाच्या धडीवाल्यावर त्याच्या कितीतरी पट.

थोरल्यांनी वर्षाअखेरीस, ३१ मार्चला, दुकानात आणि कारागिरांकडे असलेल्या सर्व चांदीचे वजन करून यादी करावी आणि मालाची किंमत कोणत्या पद्धतीने धरली ते आपल्या सी.ए.कडून लिहून घ्यावे. एक वर्ष एक पद्धत आणि दुसऱ्या वर्षी दुसरी असे करू नये. आगाऊ कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार असतात. तेजीच्या वर्षी डिसेंबरच्या हप्त्यापूर्वी एकदा अंदाज काढून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे मार्चमध्ये पडत्या भावाने चांदी मोडण्याची पाळी येणार नाही. रुपयांबरोबर किलोंचाही ताळेबंद ठेवावा. तो प्राप्तिकर अधिकारी विचारणार नाही, पण धंदा वाढला की नुसता भाव वाढला हे घरातल्या माणसांना त्याच्यावरूनच कळेल. धाकट्यांचीही चांदी त्यात वेगळ्या रकान्यात लिहावी, तिच्यावर थोरल्यांचे नाव येऊ नये.